पाणी निवळ दिसतं, पण मासा काय सांगतो?

पळस्पे आणि आसपासच्या गावांतल्या बचत गटांच्या वतीने आम्ही आज तुमच्याशी बोलतोय. आजचा विषय आहे कारखान्यांचं सांडपाणी, आणि त्याने पाण्यातल्या जिवांचं व शेतातल्या रोपांचं काय होतं. विषय मोठा वाटेल, पण भाजी पिकवणारी, भाजी विकणारी, मासळीची पाटी डोक्यावर घेणारी, धुणं घेऊन ओढ्यावर जाणारी, या सगळ्यांच्या रोजच्या कामातला आहे. तेव्हा हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका.

आपला पनवेल तालुका म्हणजे नद्या-खाड्यांचा मुलूख. माथेरानच्या डोंगराकडून येणारी गाढी, तिच्यावरचं देहरंग धरण, आपल्या जवळची काळुंद्रे, तळोजा औद्योगिक वसाहतीजवळून वाहणारी कासाडी, दक्षिणेला रसायनीकडची पाताळगंगा. पावसाळ्यात डोंगरावर पडलेलं पाणी पटकन खाडीला पोचतं, इतक्या या नद्या लहान. लहान नदीत पाणी थोडं. पावसाळा संपला की धार बारीक होते, आणि मग त्यात कुणी काय सोडलं ते पातळ व्हायला जागाच उरत नाही.

कासाडीची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात निळ्या रंगाचे कुत्रे फिरताना दिसले. त्यांचे फोटो देशभर गेले. एका रंगाच्या कारखान्यातल्या रंगाने ती मुकी जनावरं रंगली होती. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. त्याच सुमारास नवी मुंबई महापालिकेच्या प्रयोगशाळेत कासाडीचं पाणी तपासलं, तेव्हा त्यातला बीओडी ८० मिलिग्रॅम भरल्याचं वर्तमानपत्रांत आलं. हा बीओडी काय असतो ते आपण पुढे बघू. पण गंमत पाहा, कुत्रा निळा झाला म्हणून सगळ्यांना दिसलं. पाण्यातला मासा निळा होत नाही, तो गुपचूप मरतो. आणि रोप तर बोलतही नाही, नुसतं खुरटतं.

म्हणून आजचं मुख्य सांगणं एवढंच: पाण्याचा खरेखोटेपणा डोळ्याने ठरवू नका. मासा आणि रोप यांना विचारा, ते काय सांगतात ते वहीत लिहा, आणि ती वही घेऊन योग्य दारात जा.

आधी माशाचं ऐकू. पाण्यात हवा विरघळलेली असते. मासा कल्ल्यांनी त्यातला प्राणवायू घेतो. थंड पाण्यात तो जास्त मावतो, कोमट पाण्यात कमी. २० अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशाला साधारण साडेसात. नदीत मासळी टिकायची आणि वाढायची तर लिटरमागे निदान ४ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं माप आहे.

आता बीओडी. समजा घरी लग्न आहे आणि शंभर पानांचा स्वयंपाक केलाय. अचानक हजार आगंतुक येऊन बसले, तर घरच्या माणसांच्या वाट्याला काय उरेल? सांडपाण्यातला कुजणारा माल पाण्यात गेला की त्यावर जिवाणू तुटून पडतात. ते खाता खाता प्राणवायू वापरतात. किती वापरतील त्याचं माप म्हणजे बीओडी. नदीत आंघोळ करायची तर तो ३ किंवा त्याहून कमी असावा. कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करून नदीत सोडताना तो ३० च्या वर जाऊ नये, असा नियम आहे. आणि कासाडीत, म्हणजे खुद्द नदीत, तो ८० भरला होता. माशाच्या वाट्याला त्यात काय उरणार?

मासे पहाटे का मरतात, हे आपल्याकडच्या मासेवाल्या बायकांना अनुभवाने माहीत आहे. त्याचं कारण असं. दिवसा पाण्यातली शेवाळं-वनस्पती उन्हात प्राणवायू तयार करतात. रात्री त्या तयार करत नाहीत, उलट स्वतः घेतात. त्यामुळे पहाटे प्राणवायू सगळ्यात कमी असतो. त्यात रात्री कुणी सांडपाणी सोडलं, तर उजाडेपर्यंत मासे वर येऊन तोंड वासतात आणि उन्हं वर येईपर्यंत पांढरी पोटं वर करून तरंगतात. दुपारी साहेब येईपर्यंत पाणी वाहून गेलेलं असतं.

प्राणवायू कमी होणं हे एकच कारण नव्हे. आम्लाने किंवा कॉस्टिकसारख्या जहाल क्षाराने कल्ले भाजतात. अमोनिया कल्ल्यांना इजा करतो, आणि पाणी गरम व अल्कधर्मी असेल तर तो जास्त घातक होतो. तेलाचा तवंग हवा आत जाऊ देत नाही. गडद रंग ऊन आत जाऊ देत नाही. शिसं, पारा, कॅडमियम यांसारखे जड धातू तर मारायची घाईच करत नाहीत. ते गाळात बसतात. गाळातले किडे ते खातात, किड्यांना लहान मासा खातो, लहान माशाला मोठा. पाऱ्यासारखं विष असं एकेका पायरीवर वाढत जातं. कालवं आणि शिंपल्या तर दिवसभर पाणी गाळूनच पोट भरतात, त्यामुळे पाण्यातलं बरंवाईट त्यांच्या अंगात साठतं. निवट्या आणि चिंबोऱ्या गाळातच राहतात. म्हणजे गरिबाच्या कालवणात जी मासळी जास्त पडते, तीच गाळाच्या सगळ्यात जवळची.

आणि वलगणीचं काय? पहिला जोराचा पाऊस झाला की मासळी अंडी घालायला ओढ्यांतून, शेतांतून वर चढते. रात्री बत्ती घेऊन मासे पकडायला जायचं, हे आपल्याकडे लहानपणापासूनचं. पण नेमक्या त्याच पहिल्या पावसात उन्हाळाभर नाल्यांत साठलेली घाण धुऊन खाली येते. कुणी भरल्या पावसाचा फायदा घेऊन साठवलेलं पाणीही सोडून देतो, कारण पुराच्या लाल पाण्यात ते दिसत नाही. अंडी आणि पिल्लं मोठ्या माशांपेक्षा नाजूक. तेव्हा एका रात्रीच्या सांडपाण्याने त्या दिवसाची पाटी तर जातेच, शिवाय पुढच्या वर्षाचं बियाणंही जातं.

कायद्यालाही माशाची साक्ष चालते, बरं का. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ मध्ये एक कसोटी दिली आहे. शुद्ध केलेल्या सांडपाण्यात, त्यात दुसरं पाणी न मिसळता, मासे सोडायचे. ९६ तासांनी, म्हणजे चार दिवसांनी, शंभरातले ९० मासे जिवंत राहिले पाहिजेत. कागदावर कितीही आकडे लिहिले तरी शेवटी विचारायचं ते माशालाच, हे सरकारने लिहून ठेवलंय. पुढच्या वेळी कुणी तुम्हाला 'बायांनो, तुम्हाला यातलं काय कळतं?' असं म्हणालं तर ही कसोटी सांगा.

आता रोपाकडे येऊ. रोपाचं दुखणं मुळात सुरू होतं. सांडपाण्यात मीठ, म्हणजे क्षार जास्त असले, तर वाफ्यात पाणी असूनही मुळाला ते ओढता येत नाही. रोप ओल्या मातीत तहानेलं राहतं. पानांच्या कडा करपतात. सोडियम जास्त झाला की माती चिकट होते, वाळली की दगडासारखी होते आणि पाणी मुरत नाही. बोरॉन जास्त झालं तरी पानाचे शेंडे जळतात. तांबं, निकेल, क्रोमियम यांनी मुळं आखूड आणि जाड होतात.

पण एक फसवं लक्षण सांगतो. काही वेळा सांडपाण्यावरची भाजी जास्त हिरवीगार दिसते. त्यात नत्र आणि स्फुरद असतं, खत घातल्यासारखा तो परिणाम. नदीवर जलपर्णी माजते ती अशीच. हिरवं दिसतं म्हणून नदी जिवंत आहे असं समजू नका. जलपर्णीच्या जाड थराखाली ऊन जात नाही, हवा जात नाही. तसंच माठ-पालक टवटवीत दिसला म्हणून तो निर्धोक होत नाही. कॅडमियम मुळातून पानात आणि भातात सहज चढतं, आणि रोप त्याने पिवळं पडेलच असं नाही. पानावरची धूळ धुतल्याने जाते, पानाच्या आतलं धुतल्याने जात नाही. उकळून तर धातू अजिबात जात नाहीत, पाणी आटलं की उलट जास्त दाट होतात.

जपानमध्ये याची फार मोठी किंमत बायकांनी मोजली. तोयामा भागात जिन्झू नावाची नदी आहे. वर डोंगरात जस्ताची खाण होती. खाणीचं पाणी नदीत, नदीचं पाणी भातशेतीत, आणि भातातून कॅडमियम माणसांत. वर्षानुवर्षं तो भात खाऊन हाडं ठिसूळ झाली. सगळ्यात जास्त त्रास झाला तो बाळंतपणं झालेल्या, वय झालेल्या बायकांना. नुसतं खोकलं तरी हाड मोडायचं. त्या सारख्या 'इताई, इताई' म्हणून विव्हळायच्या, म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. आजाराला तेच नाव पडलं. १९६८ मध्ये जपान सरकारने मान्य केलं की याचं मूळ खाणीच्या कॅडमियममध्ये आहे. लोक कोर्टात गेले आणि जिंकले. पण आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती त्यानंतरची गोष्ट. १९७२ मध्ये कंपनीशी करार झाला की गावकरी केव्हाही आत येऊन पाहणी करू शकतील. दरवर्षी गावकरी आणि शास्त्रज्ञ मिळून पाहणी करत राहिले. नदीतलं कॅडमियम खाली आलं. विषारी झालेल्या शेतांची माती बदलायचं काम मात्र २०१२ पर्यंत चाललं. नदी बिघडवणं सोपं, माती सुधारायला चाळीस वर्षं.

हे सगळं आमच्या एका बैठकीत निघालं तेव्हा एक ताई म्हणाली, "माझा पोरगा त्याच पट्ट्यात कामाला आहे. उद्या कारखाना बंद पडला तर गटाचा हप्ता मी कुठून भरू?" तिच्या शेजारी मासळी विकणारी एक मावशी बसली होती. ती म्हणाली, "आणि पाटीत मासळीच नाही आली, तर मी कुठून भरू?" बैठक गप्प झाली. दोघींचंही खरं होतं. दोघींनी एकाच गटातून कर्ज घेतलं होतं.

आम्ही यावर बराच विचार केला. आमचं म्हणणं असं. सांडपाणी शुद्ध करायला खर्च येतो. वीज लागते, रसायनं लागतात, माणसं लागतात. तो खर्च एखाद्याने वाचवला, तर खर्च संपत नाही. तो फक्त दुसऱ्याच्या घरी जातो. मावशीच्या रिकाम्या पाटीत जातो, वाफ्यातल्या करपलेल्या भाजीत जातो. १९९६ मध्ये तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या चामड्याच्या कारखान्यांविषयी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व मान्य केलं: ज्याने घाण केली त्यानेच किंमत मोजायची. २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की शुद्धीकरणाची चालू यंत्रणा नसेल तर कारखाना चालवता येणार नाही. तेव्हा आपली मागणी 'कारखाना बंद करा' अशी नाही. 'यंत्रणा चालू ठेवा, रात्रीसुद्धा आणि पावसातसुद्धा' एवढीच आहे. त्या यंत्रणेवर काम करायलाही आपलीच मुलं लागतील. आणि सांडपाण्याच्या टाकीशी, गॅसशी पहिला संबंध येतो तो आत काम करणाऱ्या आपल्या मुलांचाच. त्यामुळे मासळीवाली आणि कामगाराची आई या दोघी एकाच बाजूच्या आहेत.

तळोज्यात शेकडो कारखान्यांचं पाणी एकत्र शुद्ध करायला सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. त्याची क्षमता दिवसाला सव्वादोन कोटी लिटर. तरीही नदी बिघडली, म्हणून पनवेलचे नगरसेवक अरविंद म्हात्रे राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. लवादाने तपासणी करायला समिती नेमली आणि काही कोटी रुपये भरायला लावले. म्हणजे तक्रारीचा उपयोग होतो. वेळ लागतो, पण होतो. मात्र तक्रारीमागे नोंद लागते. आणि नोंद ठेवण्यात बचत गटाचा हात कोण धरणार? आपण पैशापैशाचा हिशेब ठेवतो, तशी पाण्याची वही ठेवायची.

वहीत काय लिहायचं? तारीख, वेळ, जागा. पाण्याचा रंग, वास, फेस, तवंग. मासे वर येत होते का, मेले असतील तर कोणते, अंदाजे किती. आदल्या रात्री पाऊस होता का. मोबाईलवर फोटो, जागेची खूण दिसेल असा. महिन्यातून दोनदा ठरलेल्या दिवशी बघायचं आणि काही वेगळं दिसलं तर त्याच वेळी. चांगलं पाणी दिसलं तरी लिहायचं, म्हणजे वाईट कधीपासून झालं ते कळेल. म्हाताऱ्या बायकांना विचारून पूर्वी मिळणाऱ्या माशांची नावंही लिहा. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी, असा २००२ चा कायदा आहे. ती नावं त्या नोंदवहीत जायला पाहिजेत.

रोपाची साक्ष घरच्या घरी काढता येते. शेताला ज्या विहिरीचं, बोअरवेलचं किंवा ओढ्याचं पाणी देता, ते एका बाटलीत आणा. दुसरीकडे खात्रीचं पिण्याचं पाणी घ्या. तीन वाट्यांत एक पाणी, तीन वाट्यांत दुसरं. प्रत्येक वाटीत कापूस ठेवून वीस-वीस मूग पसरा. सगळ्या वाट्या एकाच सावलीच्या जागी ठेवा आणि पाणी सारखंच घाला. चार-पाच दिवसांनी किती मूग रुजले ते मोजा आणि मुळं मुलांच्या फूटपट्टीने मापा. कांदाही चालतो. ग्लासभर पाण्यावर कांद्याचं बूड टेकवून ठेवा आणि मुळं किती वाढतात ते बघा. शास्त्रज्ञसुद्धा पाण्याचं विष जोखायला कांद्याची मुळं वापरतात.

पण काही पथ्यं पाळा. कारखान्याच्या पाईपजवळ जाऊन पाणी भरायचं नाही. फेसाळ, झोंबऱ्या वासाच्या पाण्यात हात घालायचा नाही. तपासणीचे मूग कोंबड्यांना टाकायचे नाहीत. आणि निकाल समजून घ्या. मुळं खुरटली तर त्या पाण्यात काहीतरी बिघाड आहे, पुढची तपासणी होईपर्यंत ते भाजीला देऊ नका. मुळं सारखी आली म्हणून ते पाणी प्यायला योग्य ठरत नाही. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच बायकांना पाणी तपासायच्या किटचं शिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. आपल्या गावात ते किट कुठे आहे, हे विचारा. त्यात सामू, क्लोराईड, नायट्रेट असं कळतं. कॅडमियम, पारा यांसाठी प्रयोगशाळाच लागते.

मेलेले मासे दिसले तर ते खायचे नाहीत, विकायचेही नाहीत. एक दिवसाची मजुरी जाते, हे आम्हाला कळतं. पण एक गिऱ्हाईक आजारी पडलं तर सगळ्या मासळीवाल्यांचा बाजार बसतो. रात्री टँकर ओढ्यात रिकामा होताना दिसला, तर समोर जायचं नाही. लांबून नंबर आणि वेळ टिपायची आणि ११२ ला फोन करायचा.

तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करायची. आपल्याला त्यांचं जवळचं कार्यालय बेलापूरला, रायगड भवनात. एक गोष्ट लक्षात ठेवा. आपण बाटलीत भरून नेलेलं पाणी कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. १९७४ च्या जल कायद्यानुसार मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर नमुना घेऊन, त्याचे भाग करून, सील लावावं लागतं. म्हणून पाणी वाहत असतानाच कळवायचं, आणि 'आत्ता येऊन नमुना घ्या' असं लेखी मागायचं. अर्जाची पोच घ्यायची. एकीने सही करण्यापेक्षा गटाचा ठराव जोडायचा, म्हणजे कुणा एकीवर दबाव येत नाही. तोच ठराव ग्रामसभेत मांडायचा. कोणत्या कारखान्याला किती पाणी सोडायची परवानगी आहे, ते त्याच्या संमतीपत्रात असतं. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत ते मागता येतं. आणि मंडळाला साठ दिवसांची नोटीस देऊन कुणीही नागरिक स्वतः कोर्टात जाऊ शकतो, अशीही सोय त्याच कायद्यात आहे.

शेवटी आपल्या अंगणाचंही बघू. पळस्पे फाट्यावर रात्रंदिवस गाड्या थांबतात. गाड्या धुतलेलं, ऑईलचं पाणी गटारातून ओढ्यालाच जातं. आपल्या घरातलं सांडपाणीही तिकडेच. ग्रामसभेत कारखान्याचा विषय काढताना शोषखड्ड्याचा आणि गॅरेजच्या ऑईलचा विषयही काढला, तर आपल्या बोलण्याला वजन येईल.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की एक नवी कोरी वही काढा. वर आपल्या ओढ्याचं नाव लिहा. कोणत्या दोघी बघायला जाणार ते ठरवा आणि इतिवृत्तात तशी नोंद करा. दोन महिन्यांनी आम्ही गटागटांच्या वह्या एकत्र आणून बघणार आहोत. ज्यांच्या वहीत काही वेगळं दिसेल, त्यांचा अर्ज लिहायला आम्ही सोबत बसू, आणि बेलापूरलाही सोबत जाऊ.